पाण्याला ओलं करणारं औषध

आमच्याकडे उन्हाळ्याशी लढायचं खातं आईकडे आहे. होळी झाली की माठात वाळ्याची जुडी पडते, पाडव्यापासून सब्जा भिजायला लागतो आणि कोकमाचं आगळ फडताळाच्या वरच्या फळीवरून खालच्या फळीवर येतं. पनवेलचा उन्हाळा विदर्भासारखा भाजत नाही. तिकडे माणसाचा पापड होतो, इकडे मोदक होतो; वाफेवर, झाकण लावून. त्यामुळे 'आतून थंड करतं' असं कशाबद्दलही कुणी सांगितलं की आमचा विश्वास बसायला वेळ लागत नाही. त्यातून १८७२ साली धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू झाला तो याच गावात. दीडशे वर्षं काढे, आसवं आणि भस्मं यांच्या शेजारात वाढलेल्या माणसाला 'दोन झाकणं टाका, उष्णता उतरेल' असं सांगितलं, तर 'कुणाची?' एवढंही तो विचारत नाही. मी तरी विचारलं नाही. ती दोन झाकणं माझ्या पोटात जायची नसून गाडीच्या रेडिएटरमध्ये जायची होती, एवढाच फरक.

गाडी बारा वर्षांची. तिच्याबद्दल मी तक्रार करत नाही, कारण या बारा वर्षांत तिनेही माझ्याबद्दल केलेली नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी पुण्यात मावसबहिणीच्या मुलाची मुंज होती. पुढे मी आणि बायको, मागे आई आणि माझा भाचा. भाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला इंजिनातलं सगळं कळतं, फक्त बोनेट उघडायची कळ कुठे असते ते विचारावं लागतं.

एक्स्प्रेसवे कळंबोलीला सुरू होतो, म्हणजे जवळजवळ आमच्या उंबऱ्यातच. ९४.५ किलोमीटर. २००२ साली तो पुरा झाल्यापासून शहाणी माणसं पुण्याला त्यावरूनच जातात. पण आई गाडीत असली की आम्ही पळस्प्याहून जुना रस्ता धरतो. चौक, खालापूर, खोपोली आणि मग घाट. कारण त्या घाटात शिंग्रोबा आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात. त्याचं देऊळ जुन्या रस्त्याच्या कडेला आहे आणि येणारी-जाणारी वाहनं तिथे नाणं टाकून पुढे सरकतात. आईचा हिशेब सरळ आहे. टोल भरला की नुसता रस्ता मिळतो, शिंग्रोबाला रुपया टाकला की सुखरूप रस्ता मिळतो.

खोपोली मागे पडली आणि चढ लागला. एसी चालू, चार माणसं, आहेराची पिशवी आणि आईने 'वाटेत कुणाला भूक लागली तर' म्हणून घेतलेला चार पुडांचा डबा. देऊळ दोन वळणांवर राहिलं असताना बायकोने विचारलं, "हा काटा रोज इथेच असतो का?"

नव्हता. रोज तो बरोबर मध्यावर असतो. कचेरीतल्या मोठ्या साहेबांसारखा; खुर्चीत आहेत एवढंच दिसतं, हलताना कुणी पाहिलेलं नसतं. आज साहेब उठून तांबड्या रेघेकडे निघाले होते. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, रुंद जागा बघून गाडी कडेला लावली. बोनेटच्या फटींतून वाफ आणि एक गोडसर वास यायला लागला. उसाचा रस पातेल्यात विसरून गेल्यावर येईल तसा.

बोनेट वर झालं की महाराष्ट्रात सभा भरते. तिला ना परवानगी लागते, ना अध्यक्ष. पाच मिनिटांत एक टेम्पोवाला, जॅकेट घातलेला एक मोटारसायकलस्वार, पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ आणि एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, एवढी मंडळी आमच्या इंजिनाभोवती उभी होती. माझ्या ऑपरेशनच्या वेळीही एवढे डॉक्टर नव्हते.

टेम्पोवाला म्हणाला, "दोन चमचे हळद टाका. गळत असेल तिथे जाऊन बसते." हा उपाय थट्टेवारी नेण्यासारखा नाही. हळदीची पूड पाण्यात फुगते, वाहत वाहत बारीक चिरेपाशी जाते आणि तिथे बुच होऊन बसते. अशा गाड्या गावापर्यंत पोहोचलेल्या लोकांनी पाहिल्या आहेत. अडचण अशी की हळदीला गळकी चीर आणि रेडिएटरची धडकी नळी यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही बुजवते. आमच्याकडे हळद होतीही, आईच्या पर्समधल्या करंड्यात. पण आईने पर्स छातीशी धरली. "ही मुंजीतली आहे. गाडीला लावायची असेल तर आधी गाडीचं लग्न ठरवा."

मोटारसायकलवाला म्हणाला, "हीटर लावा. फुल." त्याच्याकडे सगळ्यांनी दयेने पाहिलं. मे महिना, भर दुपार, आणि हीटर! पण तो बरोबर होता. गाडीतला हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर. तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर येते आणि त्याला तेवढंच हलकं वाटतं. संसारात आपण याहून वेगळं काय करतो?

सफारीवाले गृहस्थ म्हणाले, "आधी तो थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्या हवामानात त्याची गरजच नाही. ते थंड देशांसाठी असतं." टेम्पोवाल्याने मान डोलावली. ज्या गोष्टीचं नाव आपल्याला नीट उच्चारता येत नाही, तिची आपल्या हवामानात गरज नसते यावर या देशात एकमत आहे.

एसटीचे काका एवढंच म्हणाले, "अर्धा तास थांबा. हात लावू नका." हा सल्ला फुकट होता, त्यात काही आणायचं नव्हतं आणि करायचंही नव्हतं, त्यामुळे कुणी तो मनावर घेतला नाही. मग सफारीवाल्यांनी गाडीतला टॉवेल काढून रेडिएटरच्या झाकणाला गुंडाळला आणि ते पिळायला हात घातला. काकांनी त्यांच्या हातावर चापट मारली. चापटच, शब्द बदलत नाही. "आतलं पाणी दाबाखाली आहे. उघडलंत की कारंजं तोंडावर येईल. कातडं सोलून निघतं." सफारीवाल्यांनी टॉवेल घडी घालून परत ठेवला आणि अपमान झाकण्यासाठी शेवटचा सल्ला दिला. तोच मला महागात पडला.

"कूलंटमध्ये अॅडिटिव्ह टाकत जा हो. दहा डिग्री उतरतं. मी टाकतो."

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "झाकण बघा रे त्याचं एकदा." पण ती गेली चाळीस वर्षं प्रत्येक वस्तूबद्दल हेच म्हणते. तुपाचा डबा, टाकी, थर्मास, मुलांची तोंडं. कुणी लक्ष दिलं नाही.

अर्ध्या तासाने काकांनी स्वतः झाकण सैल केलं, फुस्स होऊ दिलं, दोन बाटल्या पाणी ओतलं. हीटर फुल ठेवून आम्ही खंडाळा गाठला. आई देवळापाशी उतरली तेव्हा तिने रुपयाऐवजी दहाचं नाणं टाकलं. आम्ही पोहोचलो तेव्हा मुंज लागून गेली होती आणि भिक्षावळ चालली होती. पैठणीतून घाम ठिबकत असलेल्या बायकोकडे पाहून मावशी म्हणाली, "काय गं, एसी नाही का गाडीत?" त्यानंतर पुणे सोडेपर्यंत बायको माझ्याशी बोलली नाही.

परतीच्या वाटेवर मला बाबांची आठवण झाली. एक्स्प्रेसवे नव्हता तेव्हा बोरघाटात बोनेट वर करून उभं राहणं हा पुण्याच्या प्रवासाचाच एक भाग असे, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. बाबांच्या गाडीत डालड्याचा डबा पाण्याने भरून ठेवलेला असे. गाडीला पाणी पाजायचं, आपण चहा प्यायचा, मुलांनी माकडांना चणे टाकायचे. गाडी तापली म्हणून कुणी लाजत नसे. पुढे गेलं की अमृतांजन पूल यायचा. १८३० साली घाटरस्ता झाला तेव्हाचा तो दगडी पूल. डोकेदुखीच्या बामची जाहिरात त्यावर झळकायची म्हणून त्याचं नावच तसं पडलं. एवढ्या समयोचित जागी लावलेली जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. ज्यांच्या गाडीचं डोकं तापलंय अशी माणसं त्याच्या खालून जात होती. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा मिळाला तेव्हा, तो पूल स्फोट करून पाडला. डोकेदुखी राहिली.

भाच्याने मला धीर द्यायला बर्था बेंझची गोष्ट सांगितली. १८८८च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास. इंजिन थंड ठेवायचं पाणी तेव्हा उकळून उडूनच जायचं, म्हणून वाटेत मिळेल तिथे, विहीर म्हणू नका, ओढा म्हणू नका, पाणी भरत जावं लागलं. इंधन संपलं तेव्हा तिने ते विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि ती निघाली होती कुठे, तर आईकडे. म्हणजे मोटारीचा इतिहासच मुळी माहेरी जाण्याने आणि वाटेत पाणी भरण्याने सुरू होतो.

"तिने हीटर लावला होता का?" बायकोने विचारलं. पुणे सोडल्यानंतरचं हे तिचं पहिलं वाक्य.

आमचे मेस्त्री मे महिन्यात गावी माणला जातात ते पहिला पाऊस घेऊनच परततात. म्हणून मी स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. हल्लीचं कूलंटचं कपाट बघितलंत तर तुम्हाला वाटेल सरबताचं दुकान आहे. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी. आमच्या गाडीत पूर्वी हिरवं होतं की गुलाबी, ते मला आठवेना, दुकानदार म्हणाला, "रंगाचं काही नसतं, साहेब." हे अर्धं खरं निघालं. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो हे खरं, पण आतली रसायनं वेगवेगळ्या जातींची असतात आणि भलतं भलत्यात मिसळलं तर तळाला गाळ धरतो. शेजारच्या काकांनी गेल्या वर्षी हिरव्यात गुलाबी ओतलं होतं. टाकीत जे तयार झालं ते मिसळीच्या कटासारखं दिसत होतं, फक्त तर्री नव्हती.

डब्यावर लिहिलं होतं: उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. उणे ३७! पनवेलला सतरा अंश झाले की रिक्षावाले माकडटोपी घालतात. पहिल्या अर्ध्या वाक्याचे पैसे मी कशासाठी द्यायचे, हे मी विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे, डब्यातली वस्तू सोलून अर्धी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं.

तेवढ्यात भाच्याने ज्ञान काढलं. म्हणाला, मामा, उष्णता वाहून न्यायला साध्या पाण्यासारखं दुसरं काही नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापायला ४.२ किलोज्यूल खातं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण साडेतीनच्या आतच आटपतं. म्हणजे कूलंट घातल्याने पाण्याची ताकद कमीच होते. मग ते घालायचं का? तर ते लवकर उकळत नाही आणि आतून गंज धरू देत नाही. नुसतं नळाचं पाणी घातलं तर चुना बसतो, बोअरचं घातलं तर विचारूच नका. थोडक्यात, पाणी हा कर्तबगार पण तापट नोकर आहे, त्याच्याबरोबर एक मुकादम ठेवावा लागतो.

मग डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं ठरलं. इथे पनवेलकर म्हणून मला जरा अपराधी वाटलं. मे महिन्यात देहरंग धरणाचा तळ दिसायला लागतो, सोसायटीत टँकरच्या वेळा फळ्यावर लिहितात, आईची आंघोळ एका बादलीत उरकते, आणि गाडीसाठी मी पाच लिटर शुद्ध, निर्मळ, चुना काढलेलं पाणी विकत घेऊन चाललो होतो. वॉचमनने कॅन बघून विचारलं, "प्यायचं आहे का, साहेब?" मी हो म्हणालो.

"आणि ते दहा डिग्रीवालं?" मी हळूच विचारलं.

दुकानदाराने खालच्या कप्प्यातून एक चपटी बाटली काढली. किंमत साडेसहाशे. आवाजही त्याने खाली आणला. "रेसिंगवाले वापरतात. पाण्याला ओलं करतं."

मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. पाण्याला ओलं करतं.

पन्नाशी उलटल्यावर माणसाला असं एखादं वाक्य ऐकायला मिळतं आणि आपण इतकी वर्षं काय करत होतो असं वाटायला लागतं. पाणी ओलं असतं हे गृहीत धरून मी आजवर आंघोळ केली, भात लावला, कपडे वाळत घातले. ते पुरेसं ओलं नव्हतं हे मला कुणी सांगितलंच नाही.

गंमत सोडली तर भानगड खरी आहे, हे भाच्याने रात्री समजावलं. पाणी स्वतःशी घट्ट धरून असतं, म्हणून अळूच्या पानावर त्याचा मोती होतो. इंजिनाच्या डोक्यात, जिथे सगळ्यात जास्त ताप, तिथे धातूला वाफेचे बारीक बुडबुडे चिकटतात. बुडबुडा बसला की त्या जागी पाणी टेकत नाही आणि तो ठिपका तापतच राहतो. साबणाच्या जातीचं थोडं रसायन घातलं की पाण्याची पकड सैल होते, बुडबुडे सुटतात, पाणी धातूला अंग घासून जातं. शर्यतीच्या बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते, कारण ते सांडलं की रस्ता निसरडा होतो आणि मागचा घसरतो. तिथे साधं पाणी आणि हे औषध, एवढ्यावर गाड्या धावतात. तिथे त्याला अर्थ आहे. पनवेलहून डी-मार्टला जाणाऱ्या बारा वर्षांच्या गाडीत, जिथे निम्मं ग्लायकॉल आधीच भरलेलं आहे, तिथे किती अर्थ आहे, हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न साडेसहाशे रुपये दिल्यानंतर विचारायचा नसतो.

सकाळी इंजिन थंड असताना मी औषध ओतलं. आईने बाल्कनीतून विचारलं, "जेवणाआधी की नंतर?"

आता गुण आला की नाही ते बघायला काटा उपयोगाचा नव्हता. भाच्याने सांगितलं की नव्या गाड्यांतला काटा मुद्दामच आळशी केलेला असतो. आत पाणी आठ-दहा अंश खालीवर झालं तरी तो मध्यावरून हलत नाही, कारण हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करतं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याच्याकडे बघून निर्धास्त होतो तो मला बरं वाटावं म्हणून बसवलेला होता. भाच्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत एक काडेपेटीएवढं यंत्र खोचलं आणि फोनवर खरे आकडे दिसायला लागले. औषधाआधी आदल्या संध्याकाळी आम्ही गोवा रस्त्याने कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जाऊन आलो होतो. तेव्हा ८९ ते ९४. औषधानंतर त्याच रस्त्याने, त्याच वेळी, त्याच वेगाने पुन्हा गेलो. खिंडीतल्या झाडांची सावली, वर किल्ल्याचा अंगठा, आणि आम्ही दोघं फोनकडे बघतोय. ८९ ते ९३.

"एक डिग्री उतरलं," मी म्हणालो.

"मामा, काल आपल्यापुढे रेतीचा डंपर होता."

साडेसहाशे रुपयांत एक डिग्री, आणि तीही डंपरची. तरीही मी घरी सांगितलं की फरक आहे. इंजिनाचा आवाजही नरम आलाय, असंही सांगितलं. औषध घेतल्यावर माणसाला जो पहिला गुण येतो तो जिभेवर येतो.

उरलेली अर्धी बाटली आणि कूलंटचा कॅन मी माळ्यावर ठेवला. कूलंटला चव गोड असते आणि ते चांगलंच विषारी असतं. कुत्री त्या गोडीला भुलून मरतात, हे भाच्याने सांगितलं मात्र, आईने डब्याला चिकटपट्टी लावली आणि निळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलं. खाली बारीक अक्षरांत 'गाडीचे'.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पुणं निघालं. त्या दिवशी पाऊस नव्हता, ऊन होतं. खोपोली गेली, चढ लागला, आणि शिंग्रोबाच्या अलीकडे, अगदी त्याच रुंद जागी, साहेब खुर्चीतून उठले. या वेळी फोनवर आकडाही होता, त्यामुळे भीती दशांशापर्यंत नेमकी होती. गोड वास आला. फक्त पाणी या वेळी जास्त ओलं होतं.

पुण्याला न जाता आम्ही उतारावरून गाडी सावकाश परत आणली. मेस्त्री गावाहून आले होते.

आमचे मेस्त्री बोलण्याआधी इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घालतात. त्यांनी बाटलीचा इतिहास ऐकला, सफारीवाल्यांचं थर्मोस्टॅटचं मत ऐकलं आणि हात पुसत विचारलं, "साहेब, इंजिन थंड करायचंय कशाला?"

मी गप्प.

"त्याला गरमच राहायचं असतं. नव्वदच्या आसपास. तेव्हाच ते नीट चालतं. थंड राहिलं तर पेट्रोल जास्त पितं आणि आत काजळी धरतं. लोक थर्मोस्टॅट काढायला लावतात आणि मग महिनाभराने अॅव्हरेज पडलं म्हणून माझ्याकडेच येतात." मग त्यांनी टेबलावरच्या डब्यातून एक जुना थर्मोस्टॅट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पितळी, खेळण्यातल्या भोवऱ्याएवढा. त्याच्या पोटात मेण असतं. पाणी ८२च्या आसपास गेलं की मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं, पाणी रेडिएटरकडे जातं. पाणी गार झालं की मेण आक्रसतं, दार लागतं. "तुम्ही दहा डिग्रीचं औषध ओता नाहीतर वीस डिग्रीचं. पाणी गार आलं की हा दार तेवढं ओढून घेणार. औषध उतरवणार, हा चढवणार. तुमच्या साडेसहाशेचं आणि याचं आत भांडण लावून दिलंत तुम्ही."

तळहातावर ती पितळी गोष्ट घेऊन मी थोडा वेळ उभा राहिलो. वीज नाही, तार नाही, सॉफ्टवेअर नाही, नुसतं मेण. बारा वर्षं हे कार्टं आत बसून दार उघडतंय आणि लावतंय, आणि सगळा घाट त्याला काढून फेका म्हणत होता.

"मग घाटात तापते ते?"

मेस्त्रींनी रेडिएटरचं झाकण उघडलं, उलटं केलं आणि अंगठ्याने त्याचं रबर दाबलं. रबर दबलं नाही. कडक झालं होतं, कडेला बारीक चिरलं होतं, जुन्या चपलेच्या टाचेसारखं. झाकणावर १.१ हा आकडा कोरलेला होता. एवढा दाब आत धरून ठेवणं हेच त्या झाकणाचं काम. दाब असला की कूलंट शंभरला उकळत नाही, पार सव्वाशेच्या पुढे जातं. दाब गळला की सगळं खलास. त्यात खंडाळ्याच्या उंचीवर साधं पाणी ९८लाच उकळतं. सपाटीवर, कर्नाळ्याच्या रस्त्यावर, इंजिनाला एवढा ताप होत नाही म्हणून तिथे सगळं आलबेल. चढ लागला की आतलं कूलंट उकळून उडून जायचं.

"कुकरची रिंग गेल्यासारखं," मी म्हणालो.

"तेच. दाबही साधारण कुकरएवढाच."

नवं झाकण एकशे ऐंशी रुपयांचं. मेस्त्रींनी जाता जाता रेडिएटरच्या जाळीवर पाण्याचा फवारा मारला. तळोजा-कळंबोलीची सिमेंटची धूळ निघाली, पतंग निघाले, आणि दसऱ्याच्या हारातल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या, मूठभर. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून घातलेला हार तिच्या नाकपुड्यांत बसला होता. ते आईला सांगू नये असं मी आणि मेस्त्रींनी न बोलता ठरवलं.

घरी आल्यावर झाकणाचं मात्र सांगावं लागलं. आई डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी म्हणत होते घाटात," एवढंच म्हणाली. मग स्वयंपाकघरातल्या खणातून कुकरची एक नवी रिंग काढून माझ्यासमोर ठेवली. "मी दोन आणून ठेवते. एक जाते तेव्हा दुकानं बंद असतात." दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींकडून आणखी एक झाकण आणलं. ते डिकीत, हळदीच्या पुडीशेजारी आहे. हळदीची पुडी मी ठेवलेली नाही. कोणी ठेवली ते मला माहीत आहे.

त्यानंतर घाट तीनदा झाला. साहेब खुर्चीत.

गेल्या आठवड्यात वायपरची पाती घ्यायला त्याच दुकानात गेलो. बाहेर बदाबदा पाऊस. काउंटरपाशी एक तरुण उभा होता, पायात फ्लोटर, चेहऱ्यावर नुकत्याच तापलेल्या गाडीची कळा. दुकानदाराच्या हातात तीच चपटी बाटली होती. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"हे बघा, साहेबच आले. यांनी नेली होती मे महिन्यात. विचारा त्यांना, दहा डिग्री उतरलं की नाही. काय साहेब, गाडी आता घाटात तापते का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"उतरलं ना दहा डिग्री?"

तरुण माझ्याकडे आशेने बघत होता. थर्मोस्टॅट, मेण, झाकण, ग्लायकॉल, रेतीचा डंपर, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मागे आणखी तीन गिऱ्हाइकं उभी होती, आणि साडेसहाशे रुपये देऊन आपण मूर्ख ठरलो हे अनोळखी चार माणसांसमोर सांगायला माणूस पनवेलचाच काय, कुठलाच तयार होत नाही.

"आठ," मी म्हणालो. "खोटं कशाला सांगू. आठ उतरलं."